गालफुग्यांचं निदान

जी तपासणी दुखत नाही, तिच्यावर माणसाचा विश्वास बसत नाही. सव्वीस वर्षं मी हृदयाची इको करते आहे आणि इतक्या वर्षांत एवढं एक सत्य मला पक्कं कळलंय. खोलीत अंधार करायचा, पेशंटला डाव्या कुशीवर झोपवायचं, बरगड्यांच्या फटीत जेली लावलेला प्रोब टेकवायचा आणि पडद्यावर त्याचं हृदय चालताना बघायचं, हे माझं काम. सुई नाही, टाका नाही, रक्ताचा थेंब नाही. मग लोक शर्टाची बटणं लावता लावता विचारतात, "बाई, एवढ्यानं काय कळणार?" मी सांगते, "सकाळी घरी भांडून आलात, तेही कळलं." बहुतेक जण गप्प बसतात. निम्मे तरी खरंच भांडून आलेले असतात.

त्या आठवड्यात मात्र माझ्या टेबलावर माझा सख्खा भाऊ झोपला होता आणि माझी थट्टा पार आटली होती.

दादा काच फुंकतो. बाबाही तेच करायचे. लोखंडी फुंकनळीच्या एका टोकावर भट्टीतल्या वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, नळी सतत फिरवत दुसऱ्या टोकानं हवा भरायची आणि त्या गोळ्याचा पेला करायचा, बरणी करायची, नाहीतर दिव्याची काच. दादा सात वर्षांचा असताना बाबांनी त्याच्या हातात नळी दिली. मी हट्ट धरला म्हणून मलाही दिली. शिकवताना त्यांचा एकच मंत्र होता. "गालानं फुंक, छातीनं नाही." घसा बंद ठेवायचा, गाल टम्म फुगवायचे आणि गालांनीच हवा हळूहळू नळीत ढकलायची. श्वास आपला नाकानं चालू. आमच्या गल्लीत आणखी चार भट्ट्या होत्या. तिथले सगळे छाती भरून फुंकायचे आणि आम्हाला हसायचे. आमच्या घराचं नावच 'गालफुगे' पडलं. शाळेत मला कुणी माझ्या नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. दादा कधी छातीनं फुंकताना सापडला तर बाबा दोन दिवस त्याच्याशी बोलायचे नाहीत. एवढी कसली शिस्त, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची आमची छाती झाली नाही.

बाबा बावन्नाव्या वर्षी गेले, भट्टीसमोर, हातात नळी घेऊन. त्याच्या आठ दिवस आधी ते चक्कर येऊन पडले होते. दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, "उष्णतेनं झालंय, पाणी पीत जा," असं सांगून घरी पाठवलं. आमच्याकडे याला 'भट्टी लागली' म्हणतात, ऊन लागतं ना, तशी. पडलेल्या माणसाचे पाय वर करायचे, मीठसाखरेचं पाणी पाजायचं, की तो उठून बसतो. बाबा दुसऱ्या वेळी उठले नाहीत. त्या दिवसापासून आई भट्टीला शिव्या देते आहे आणि मी काचेकडे पाठ फिरवून हृदयाच्या खोलीत येऊन बसले आहे. दादानं मात्र भट्टी सोडली नाही.

यंदा दादा बावन्नचा झाला.

आणि यंदाच त्याला एका अत्तराच्या कारखान्याचं मोठं काम मिळालं. वीस-वीस लिटरचे काचेचे बुधले हवे होते. पेल्याला गालातली हवा पुरते. बुधल्याला पुरत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच दादा छातीनं फुंकायला लागला. पहिल्या बुधल्याला त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तिसऱ्याला तो खाली बसला. पाचव्याला नळीसकट आडवा झाला. कामगारांनी पाय वर केले, पाणी पाजलं, भट्टी लागली म्हणाले. हे सगळं मला वहिनीकडून दोन दिवसांनी कळलं. मी फोनवर इतकी ओरडले की वहिनीनं त्याला रिक्षात घालून थेट आमच्या हॉस्पिटलात आणलं.

इथं तपासण्यांची वरात सुरू झाली. ईसीजीत रेषा वाकड्या दिसल्या. छातीत जड वाटतंय म्हणाला म्हणून कॅज्युअल्टीत जिभेखाली गोळी दिली, तर बरं वाटायचं सोडून त्याची शुद्धच हरपली. दुसऱ्या दिवशी ट्रेडमिलवर चालवलं. आठव्या मिनिटाला रेषा आणखी घसरल्या आणि कागदावर 'पॉझिटिव्ह', म्हणजे ब्लॉकचा संशय, असा शिक्का बसला.

मधल्या वेळात मी त्याची इको केली. हृदयाची मधली भिंत जाड होती, पंधरा मिलिमीटर. अकराच्या आत असायला हवी. भिंत अशी जाड असली की कधी कधी रक्त बाहेर पडायच्या वाटेवरच अडतं. पण ते पडून राहिलेल्या माणसात दिसेलच असं नाही. त्यासाठी पेशंटला जोर लावायला सांगतात. रक्तदाबाच्या यंत्राची रबरी नळी तोंडात द्यायची, फुंकून तबकडीचा काटा चाळीसवर न्यायचा आणि पंधरा सेकंद तिथंच धरून ठेवायचा. छातीत दाब वाढला की हृदयात येणारं रक्त कमी होतं, पोकळी आक्रसते आणि वाट अडणार असेल तर तेव्हा अडते. दादानं नळी तोंडात घेतली. काटा चाळीसवर गेला आणि खिळा मारल्यासारखा थांबला. पंधरा सेकंद झाले, वीस झाले. बाकीचे पेशंट दहाव्या सेकंदाला लालबुंद होतात. हा आपला माझ्याकडे बघून डोळे मिचकावतोय. पडद्यावर काहीही बदललं नाही. मी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'जोर लावूनही अडथळा नाही.'

ते वाक्य पुढं मला फार जड गेलं.

आमच्या मोठ्या डॉक्टरांना सगळं हॉस्पिटल मागून 'तारवाले' म्हणतं. मनगटातल्या रक्तवाहिनीतून तार घालून हृदयापर्यंत जाण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. माणूस सरळ आहे, फक्त घाईचा. संध्याकाळच्या राउंडची वाट न बघता ते दुपारीच आले, दादाचे कागद चाळले आणि म्हणाले, "उद्या सकाळी दहाला अँजिओग्राफी. ब्लॉक असेल तर कळेल. नसेल तर परवा घरी. वय झालं, भट्टीची उष्णता, दुसरं काय?"

"घरी म्हणजे कामावर जाऊ ना?" दादानं विचारलं. "तेवीस बुधले राहिलेत."

"ब्लॉक नसेल तर खुशाल जा. पाणी जरा जास्त पीत जा."

'पाणी पीत जा.' तीस वर्षांपूर्वी बाबांना हेच शब्द सांगितले होते. अँजिओग्राफीशी माझं वैर नाही. माझ्या सासऱ्यांची मीच हट्टानं करून घेतली होती, त्यांचा जीव त्यानंच वाचला. पण प्रत्येक तपासणीला एकच प्रश्न विचारता येतो, आणि तार फक्त एवढंच सांगणार होती की हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोकळ्या आहेत की नाहीत. त्या मोकळ्या निघाल्या की दादा सुटला. सोमवारी सहावा बुधला. आणि मला आतून वाटत होतं की त्या मोकळ्याच निघणार. वाटत होतं, पण हातात पुरावा काय? माझंच वाक्य. अडथळा नाही.

चार वाजता मी वॉर्डात गेले. आई आली होती. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, पण पिशवीतून थर्मास काढण्याची घाई अठराची. तिनं दादाला कपात चहा ओतून दिला.

"उकळता आहे, जपून," ती म्हणाली.

"दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, आई. मी तर काचेनं पोळलेला आहे," असं म्हणून दादा चहा फुंकू लागला.

मी त्याच्या पायाशी उभी होते. त्याचा शर्ट उघडा होता, छातीवर मॉनिटरच्या पाच चिकटपट्ट्या होत्या. तो चहा फुंकत होता आणि त्या पाचपैकी एकही पट्टी हलत नव्हती. गाल टम्म. छाती स्वस्थ. नाकानं श्वास चालू.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. सव्वीस वर्षं मी लोकांना फुंकायला लावते आहे, आणि ज्याच्याबरोबर फुंकायला शिकले त्यालाच मी ओळखलं नव्हतं! काटा चाळीसवर होता, पण तो दाब फक्त गालांतला होता. घसा बंद, छाती मोकळी. त्याच्या हृदयाला तर खबरसुद्धा नव्हती की वर काही जोरबीर चाललाय. जगातल्या कुठल्याही पेशंटवर ही तपासणी खरी ठरली असती. फसली असती ती फक्त आमच्या घरात.

"काय गं ठेंगू, अशी काय बघतेस?" दादानं विचारलं. सहावीपासून माझी उंची वाढली नाही, हे त्याच्या अजून लक्षात आहे.

"चहा पी," मी म्हणाले, आणि पळाले.

तारवाले त्यांच्या खोलीत बिस्किट खात होते. मी दार वाजवलं की नाही ते आठवत नाही.

"सर, दादाची जोर लावण्याची तपासणी चुकली. माझी चूक आहे. परत करायची आहे, आजच."

"काटा किती होता?"

"चाळीस."

"किती वेळ?"

"वीस सेकंद."

"मग चुकली कशी? याच्याहून चांगली कुणी करून दाखवली तर मी त्याला बक्षीस देईन."

"तो दाब गालांचा होता, सर." मग मी त्यांना सगळं सांगितलं. बाबांचा मंत्र सांगितला, गल्लीतलं टोपणनाव सांगितलं, चहासुद्धा सांगितला. ते ऐकत होते, पण डोळे घड्याळावर.

"बाई, भाऊ आहे म्हणून जीव तुटतोय, समजतं मला. पण ट्रेडमिल पॉझिटिव्ह आहे."

"भिंत जाड असली तरी ट्रेडमिल पॉझिटिव्ह येते. आणि जिभेखालच्या गोळीनं ब्लॉकवाल्याला आराम पडतो, सर. हा बेशुद्ध पडला. गोळीनं रक्तवाहिन्या सैल पडल्या आणि आतली वाट आणखी आवळली, असं नसेल कशावरून?"

बिस्किट हातातच राहिलं. पण माणूस मोठा झाला की पटलेलं लगेच कबूल करत नाही, तो अट घालतो.

"दहा मिनिटं देतो. मी स्वतः उभा राहीन. काही निघालं नाही तर उद्या दहाला तार, आणि पुन्हा हा विषय माझ्यापुढे नको."

"काही निघालं तर?"

"आधी काढा."

मी खोलीत दिवे घालवले. सिस्टरनं तातडीची ट्रॉली आणून भिंतीशी लावली, कारण ज्याला अंधारी येते त्याला मुद्दाम जोर लावायला सांगणं हा पोरखेळ नव्हे. दादा डाव्या कुशीवर वळला. मी रबरी नळी हातात घेतली, इंजेक्शनची जाड सुई घेतली आणि नळीला टचकन भोक पाडलं.

"अहो बाई! नवी नळी आहे ती!" सिस्टर ओरडली.

"होती," मी म्हणाले.

भोकातून हवा सतत सुटत राहणार. गालात मावते ती हवा चार सेकंदांत संपते. काटा चाळीसवर ठेवायचा असेल तर मागून छातीतली हवा यावीच लागणार. एवढ्याशा भोकानं गालफुग्यांची सगळी विद्या उघडी पडणार होती.

"फुंक."

दादानं गाल फुगवले. काटा चाळीसवर गेला, तीन सेकंद टिकला आणि धपकन शून्यावर आला.

"नळी गळतेय तुमची," तो म्हणाला.

"गळू दे. छातीनं फुंक."

"छातीनं?" त्यानं नळी ओठांपासून दूर धरली. मग हळूच म्हणाला, "बाबा रागावतील गं."

बावन्न वर्षांचा बाप्या माणूस, दोन पोरांचा बाप, हॉस्पिटलच्या टेबलावर उघडाबंब पडून हे म्हणाला आणि माझे डोळे भरून आले. पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातात प्रोब होता, दुसरा यंत्रावर.

दुसऱ्यांदाही गालच फुगले. जित्याची खोड! तारवाल्यांनी घड्याळाकडे बघितलं. सहा मिनिटं झाली होती.

मी वाकून त्याच्या कानाशी गेले. "दादा, नळी विसर. टोकाला काचेचा गोळा आहे. वीस लिटरचा बुधला व्हायचाय. सहावा बुधला. भर हवा."

त्यानं डोळे मिटले. आणि त्याच्या छातीचा भाता उघडला.

काटा चाळीसवर चढला, थरथरला, टिकला. पाच सेकंद. पडद्यावर रक्ताचा वेग दाखवणारी रेघ मघाशी सेकंदाला दीड मीटरच्या खाली लोळत होती. ती आता दोनवर गेली. सात सेकंदांना तीन. दहा सेकंदांना ती साडेतीनवर होती आणि तिचा आकार बदलत होता. सुरुवातीला सावकाश, मग एकदम खाली घुसणारी, वाकड्या खंजिरासारखी. आकड्यापेक्षा मला त्या आकाराचा जास्त आनंद झाला, कारण तो आकार फक्त वाटेत अडणाऱ्या रक्ताचाच असतो. यंत्रातून येणारा मऊ 'हूश हूश' आवाज आता किंचाळत होता. चार. चार पूर्णांक सहा! मी चित्र गोठवलं आणि ओरडले, "सोड!"

दादानं हवा सोडली. त्याच्या कपाळावर घाम होता. "अंधारी आली," तो म्हणाला. "तीच. अगदी तीच."

सिस्टरनं त्याचे पाय वर केले. मिनिटभरात त्याचा रंग परतला. आणि तारवाले? ते गोठवलेल्या पडद्याकडे बघत होते. जाड भिंतीशी झडपेचं पान खेचलं जाऊन चिकटलं होतं आणि रक्ताला बाहेर पडायला चिंचोळी फट उरली होती. वाहिन्यांचा रस्ता मोकळा होता की नव्हता, ते नंतर बघता आलं असतं. इथं दारच लागत होतं.

पण मोठा डॉक्टर शेवटी मोठा डॉक्टर. त्यांनी दादाला थोडं थांबून उतरवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "आता उकिडवे बसा." स्वतः त्याच्या शेजारी जमिनीवर गुडघे टेकून बसले, छातीला स्टेथोस्कोप लावला. "आता सावकाश उभे राहा. मी धरलंय." दादाबरोबर तेही उठले, कान तसेच. उठता उठता त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी स्टेथोस्कोप काढून माझ्या कानात घातला. दादा बसला की आवाज बारीक, उभा राहिला की हृदयात रक्त कमी येतं, वाट आवळते आणि आवाज करवत चालल्यासारखा मोठा.

"ही सगळ्यात जुनी तपासणी," ते म्हणाले. "दोन गुडघे आणि दोन कान. कॉलेजात मी शिकवायचो ही. आणि तीन दिवसांत मी या माणसाला एकदा उभं राहायला सांगितलं नाही."

जिंकलेल्या माणसानं गप्प बसावं, हे मला सहसा जमत नाही. तेव्हा जमलं.

त्यांनी खिशातून फोन काढला. "कॅथलॅब? उद्याचं दहाचं रद्द करा. हो, रद्द. वाहिन्या सीटीवर बघू, तार नको. आणि एमआरआयची वेळ घ्या, चोवीस तासांचं होल्टर लावा." मग माझ्याकडे वळले. "तुमचं कालचं वाक्य खोडा, बाई."

मी ते वाक्य असं खोडलं की कागद फाटला.

पुढचं सगळं सुईच्या एखाद-दोन टोचण्यांत झालं. सीटीत वाहिन्या लख्ख मोकळ्या निघाल्या. एमआरआयनं भिंतीची जाडी नेमकी मोजून दिली. होल्टर म्हणजे चोवीस तास गळ्यात अडकवायचं एक छोटं यंत्र; दादा ते गळ्यात घालून घरभर मिरवला. त्यात धोक्याचे ठोके आढळले नाहीत. गोळ्या सुरू झाल्या. पाणी भरपूर प्यायचं, जिभेखालची गोळी पुन्हा घ्यायची नाही, आणि बुधले बंद म्हणजे बंद. अत्तराच्या कारखान्याला दादानं कळवलं की उरलेले तेवीस पलीकडच्या भट्टीवाल्यांकडून करून घ्या, त्यांच्या छात्या मोठ्या आहेत.

सहा आठवड्यांनी तो परत माझ्या टेबलावर आला. तीच नळी, तेच भोक. सिस्टरनं ती नळी टाकून दिली नव्हती, तिच्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं होतं, 'भोक आहे, दुरुस्त करू नये.' दादानं छाती भरून फुंकलं. काटा चाळीस, पंधरा सेकंद. रेघ दोन पूर्णांक तीनवर गेली आणि तिथंच थांबली. अंधारी नाही. खंजीर बोथट झाला होता.

"पेले फुंकू का?" दादानं तारवाल्यांना विचारलं. त्याचा आवाज शाळेतल्या पोरासारखा झाला होता.

"पेले फुंका. लहान बरण्या फुंका. पण कसं फुंकायचं?"

"गालानं," दादा म्हणाला. "छातीनं नाही."

"शाब्बास."

हा आजार रक्ताच्या नात्यात उतरतो, म्हणून त्या दिवशी दादाच्या दोन्ही पोरांची आणि माझीही इको ठरली होती. पोरं साफ निघाली. दर काही वर्षांनी बघत राहायचं एवढंच. मग माझी पाळी. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी माझ्याच टेबलावर डाव्या कुशीला वळले. जेली इतकी गार असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रोब स्वतः तारवाल्यांनी धरला.

"फुंका, बाई."

मी नळी तोंडात घेतली आणि फुंकलं. सिस्टर फिसकन हसली.

"गाल!" तारवाले ओरडले. "बाई, गाल!"

माझेही गाल टम्म फुगले होते. खोलीतले सगळे इतके हसले की तपासणी पाच मिनिटं थांबवावी लागली. नंतर मी छातीनं फुंकलं. भिंत नऊ मिलिमीटर, वाट मोकळी.

मी उठून बसले तेव्हा तारवाले कुटुंबाची माहिती लिहायचा फॉर्म भरत होते. हा रकाना ते पूर्वी रिकामा सोडायचे. आता विचारतात, आणि त्याच्या वर पेशंट काय काम करतो तेही विचारतात.

"वडिलांना कधी चक्कर वगैरे यायची?"

"शेवटी एकदाच आली," मी म्हणाले. "म्हणजे आम्हाला माहीत असलेली."

कोपऱ्यात आई बसली होती. ती म्हणाली, "एकदा कुठली? लग्न झालं त्या वर्षी दोनदा पडले होते. तेव्हा तेही सगळ्यांसारखे छातीनंच फुंकायचे. मग एक दिवस मला म्हणाले, छाती भरून फुंकलं की माझ्या आत काहीतरी दार लागतं. गालानं फुंकलं की लागत नाही. त्या दिवसापासून गालानं फुंकायला लागले. तुम्ही झालात तर तुम्हालाही तसंच शिकवलं. पोरांत उतरलं असलं तर, म्हणायचे. मला ती त्यांची लहर वाटायची, आणि गेले तेव्हा दवाखान्यात उष्णता म्हणाले होते, तेच मी खरं धरलं."

दादानं माझा हात धरला.

"आणि गेले त्या दिवशी?" मी विचारलं.

"त्या दिवशी मोठी हंडी फुंकायची होती," आई म्हणाली. "गाल पुरले नाहीत."

तीस वर्षं आम्ही भट्टीला दोष देत होतो. गल्ली ज्या मंत्राला हसली, त्या मंत्रानं बाबांना चोवीस वर्षं जगवलं होतं आणि दादाला त्याच्याही पुढं आणून माझ्या टेबलापर्यंत पोचवलं होतं. मला एकदम इतका अभिमान वाटला की मी रडता रडता हसायला लागले. यंत्र नाही, पट्टी नाही, डॉक्टर नाही. स्वतःच्या छातीवर प्रयोग करून त्या माणसानं नेमकं ओळखलं होतं.

तारवाल्यांनी पेन उचललं. वडिलांच्या नावापुढं त्यांनी आजाराचं नाव लिहिलं. पुढच्या रकान्यात विचारलेलं असतं, निदान कोणी केलं. तिथं ते थांबले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"त्यांनीच," मी म्हणाले.

त्यांनी तसंच लिहिलं, 'स्वतः', आणि खाली सही केली.